वाचकांचे प्रश्न : अर्धी काळी पाटी, काळवंडलेली चांदी आणि चर्चमधला कुलर

या महिन्यात चर्चमधल्या जुन्या कुलचिन्हांच्या, म्हणजे घराण्याची ओळख सांगणाऱ्या ढालीवरच्या चिन्हांच्या, चित्रांविषयी एकदम बरीच पत्रं आली. नागपुरातल्या सदर आणि सिव्हिल लाइन्स या भागांतून आली, कामठीकडूनही आली. पावसाळ्यानंतर रंगरंगोटीची कामं निघतात आणि भिंतीवरचं सगळं खाली उतरतं, तेव्हा अशा चित्रांकडे लक्ष जातं. म्हणून यंदाचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये वेदीजवळच्या भिंतीवर उंच एक चौरस चित्र कोपऱ्यावर उभं केल्यासारखं, म्हणजे शंकरपाळ्यासारखं टांगलेलं आहे. काळी लाकडी चौकट, मध्ये ढाल, वर शिरस्त्राण, खाली पट्टीवर 'रिसर्गम' असं लिहिलेलं. ढालीमागची जागा अर्धी काळी, अर्धी मळकट पांढरी. नाताळाआधी रंगकाम काढायचं आहे. पेंटर म्हणतो, ओल्या कपड्यानं पुसून, काळा भाग दोन्हीकडे सारखा करून वर व्हार्निश मारून देतो. पास्टरेट कमिटीत दोन मतं आहेत. करावं का? — एक सभासद, सदर

उत्तर : करू नये. पेंटरच्या तीन सूचनांपैकी सर्वांत घातक आहे ती मधली, 'काळा भाग सारखा करून' ही.

या चित्राला हॅचमेंट म्हणतात. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून ही रीत होती. प्रतिष्ठित माणूस वारला की त्याचं कुलचिन्ह असं रंगवून काही महिने घराच्या दर्शनी भागावर टांगायचं आणि नंतर चर्चमध्ये लावायचं. 'रिसर्गम' म्हणजे 'मी पुन्हा उठेन'. हे एका माणसाचं ब्रीद नाही, अशा पाट्यांवर ते सर्रास आढळतं. त्यामुळे त्यावरून घराणं शोधायला जाऊ नका.

कोण वारलं हे मागची जागा सांगते. कुलचिन्हांच्या शास्त्रात उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात. म्हणजे आपण समोर उभे राहिलो की आपल्या डाव्या हाताची बाजू नवऱ्याची आणि उजव्या हाताची बायकोची. डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी असेल तर नवरा गेला, बायको हयात. उलट असेल तर बायको गेली. सगळंच काळं असेल तर जोडीदार आधीच वारलेला, किंवा मृत व्यक्ती अविवाहित. बाईचं एकटीचं चिन्ह असेल तर ढालीऐवजी शंकरपाळ्याचाच आकार येतो आणि शिरस्त्राण नसतं. आता तुमच्या पेंटरनं दोन्हीकडे काळं फासलं तर चित्रातली हयात विधवाही त्याच दिवशी वारली.

ओल्या कपड्याचंही तेच. या पाट्या घाईनं केलेल्या असत. बग्ग्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे कारागीर त्या करीत. कापड जाडंभरडं, रंगाचा थर पातळ, आणि चकाकी यावी म्हणून रंगातच राळ मिसळलेली. पाणी बारीक भेगांतून आत शिरतं आणि कापडावरचा सरसाचा थर फुगवतं. वाळताना तो थर आकसतो आणि वरचा रंग सुटतो. पुसताना कपडा काळा झाला की मळ निघाला असं वाटतं. त्यातला बराचसा काळेपणा मूळ रंगाचा असतो.

या आठवड्यात एवढंच करा. चित्र भिंतीवर असतानाच संध्याकाळी दिवे मालवून एका बाजूनं टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा आणि फोटो काढा. उठलेल्या कडा, खपल्या, फुगवटे सावल्यांनी उठून दिसतील. एकही खपली उठलेली दिसली तर झाडूच काय, पिसाचा झटकाही लावू नका.

रंगकाम लांबवता येत नसेल आणि चित्र उतरवावंच लागणार असेल, तर शिडीवरून नको. पहाड बांधा, दोघे वर, दोघे खाली. साडेचार-पाच फुटांचं चित्र चौकटीसकट वीस-पंचवीस किलो सहज भरतं आणि मागचे जुने खिळे गंजलेले असतात. उतरवल्यावर रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दव धरतं. खळ नसलेलं, चार वेळा धुतलेलं जुनं सुती लुगडं पुरतं. तेही चित्राला टेकू नये, म्हणून चारी कोपऱ्यांवर ठोकळे ठेवून त्यावर ताणा.

प्रश्न : आमच्याकडच्या पाटीत लाल ढालीवर आडवा काळा पट्टा आहे. पण त्याच माणसाच्या संगमरवरी स्मृतिशिळेवर कोरलेल्या ढालीत तो पट्टा कोरा आहे आणि बाकी ढालीवर उभ्या बारीक रेघा आहेत. शिळा करणारा चुकला की चित्र काढणारा? — सिव्हिल लाइन्स

उत्तर : दोघेही चुकलेले नाहीत. तुमची नजर मात्र दाद देण्याजोगी आहे.

दगडावर, पितळेवर किंवा छापील चित्रात रंग दाखवता येत नाही, म्हणून सतराव्या शतकापासून रेघांची एक ठरलेली भाषा चालत आली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, उभ्या-आडव्या जाळीच्या म्हणजे काळा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा म्हणजे हिरवा. ठिपके म्हणजे सोनं आणि कोरी जागा म्हणजे चांदी. तुमची शिळा सांगते, लाल ढालीवर चांदीचा पट्टा.

चित्रात तो काळा का? बहुधा तिथं खरा चांदीचा वर्ख लावलेला आहे. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चांदी काळी पडते. घरातलं चांदीचं निरांजन पडतं तशीच. कारागिरानं वर्खावर संरक्षक व्हार्निश दिलेलं असतं, पण ते तडकलं की काळेपणा भेगांतून आत पसरतो. नियमानंही तोच संशय येतो. कुलचिन्हांत रंगावर रंग आणि धातूवर धातू सहसा ठेवत नाहीत. लाल आणि काळा हे दोन्ही रंग, तर सोनं आणि चांदी हे धातू. लालावर काळा दिसला की आधी शंका घ्यायची. अपवाद आहेत, पण मोजके.

असं इतर रंगांतही होतं. तांब्यापासून केलेला हिरवा काळानुसार तपकिरी होतो. कोबाल्ट काचेची पूड, म्हणजे स्माल्ट, तेलात मिसळून वापरलेली असेल तर निळ्याचा राखाडी होतो. सोन्याच्या वर्खाऐवजी पितळेची पूड वापरलेली असेल तर ती हिरवट-चॉकलेटी होते. पिवळं पडलेलं व्हार्निश निळ्याला हिरवट करतं आणि पांढऱ्याला सोनेरी. नुसतं डोळ्यांना दिसलं तसं पुन्हा रंगवायचं म्हटलं तर घराणंच बदलतं. म्हणून चित्राला हात लावण्याआधी चर्चमधल्या शिळा, थडगी, पितळी पट्ट्या यांवरच्या ढाली टिपून घ्या. इंग्लिश घराण्यांच्या चिन्हांची अधिकृत नोंद लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असते. १४८४ पासून चालत आलेली ही संस्था आहे आणि शोधाचे पैसे घेते.

काळ्या पट्ट्यावर टूथपेस्ट, चिंच, चांदीची पॉलिश, यांतलं काहीही चालवू नका. वर्ख मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. भांड्यावरचा काळा थर घासला तर खाली चांदी उरते, इथं खाली काहीच उरत नाही, वर्खाखालचा गेरूसारख्या मातीचा थर किंवा नुसतं कापड दिसतं. आमचं मत विचाराल तर पट्टा काळाच राहू द्यावा आणि खाली छोटी पाटी लावावी : 'हा पट्टा मुळात चांदीचा, आता काळवंडलेला.' पाटी बदलता येते.

प्रश्न : कामठीच्या जुन्या चर्चमधल्या पाटीच्या खपल्या दरवर्षी उन्हाळ्यात उठतात आणि पावसाळ्यात खाली पडतात. दोन वर्षांपूर्वी कुलर बसवले, तेव्हापासून जास्त. कुलरच्या गारव्यानं तर बरं व्हायला हवं ना? पडलेल्या खपल्या फेविकॉलनं चिकटवल्या तर चालेल का? — कामठी

उत्तर : तुमच्या पहिल्या वाक्यातच निदान आहे. आपल्याकडे चित्र मे महिन्यात तडकतं आणि जुलैत गळतं.

असं का होतं ते पाहू. पाटीला आडवं कापून पाहिलं तर खालून वर कापड, त्यावर सरस, मग रंगाखालचा अस्तराचा (प्रायमरचा) थर, मग रंग आणि शेवटी व्हार्निश. यांतलं प्रत्येक हवेतल्या ओलाव्याला वेगळं उत्तर देतं. नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ च्या वर आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. सरस कडक होतो, आकसतो आणि वरच्या रंगाला ताण देतो. रंग तडकतो, भेगांच्या कडा बशीसारख्या वर वळतात. मग पाऊस. आर्द्रता ८० च्या पुढे गेली की सरस ढिला पडतो. घट्ट विणीच्या कापडाचे धागे ओलाव्यानं फुगतात, आणि धागे फुगले की कापड आखूड होतं, नव्या मांजरपाटाचं पहिल्या धुण्यात होतं तसं. कापड आखूड झालं, रंग मात्र तेवढाच. मग तो तंबूसारखा उभा राहतो आणि गळतो.

कुलरनं यात भर घातली. कुलर हवा गार करतो ती पाणी मिसळून. रविवारच्या उपासनेचे दोन तास आर्द्रता १५ वरून सहज ५० च्या पुढे जाते, कुलर बंद झाला की दुपारपर्यंत पुन्हा खाली. जो फेरा वर्षातून एकदा व्हायचा तो आता दर आठवड्याला होतो. चित्राला गारवा-उकाडा फारसा कळत नाही, ओलाव्याचा झपाट्यानं होणारा चढउतार कळतो.

मंडळींना उकाड्यात बसवा असं आम्ही सांगणार नाही. पण कुलरचा झोत चित्राच्या भिंतीकडे नको. चित्र कुलरपासून सर्वांत लांबच्या आतल्या भिंतीवर हलवा. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात नको, ती दुपारभर तापते. कुलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा साचणार नाही. चित्र काढून पाळकांच्या एसी खोलीत ठेवण्याचा मोह होतो, तो आवरा. तिथं एसी दिवसातून चार वेळा चालू-बंद होतो.

किती फरक पडतो ते मोजा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र चित्राजवळ लावा आणि आठवडाभर सकाळी, उपासनेच्या मधोमध आणि संध्याकाळी आकडे वहीत लिहा. आधी यंत्र तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओली रेती होईल इतकंच पाणी घाला. झाकण आणि यंत्र हवाबंद डब्यात शेजारी ठेवून डबा बारा तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर यंत्र पाच कमी दाखवतं असं धरून चाला. सगळं वर्ष ५० वर ठेवणं आपल्याकडच्या चर्चला झेपणार नाही. दिवसभरातला फरक दहा अंकांच्या आत आला तरी पुष्कळ.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचा उपाय मागच्या बाजूला आहे. चित्राची पाठ झाका. निवडणुकीच्या फलकांना वापरतात ती पन्हळी प्लॅस्टिकची चार मिलिमीटरची शीट घ्या, कोरी, छपाई नसलेली. सनबोर्ड नको, त्यातल्या पीव्हीसीतून कालांतरानं आम्ल सुटतं. शीट कापडाला टेकता कामा नये. ती ताणचौकटीच्या, म्हणजे कापड ज्यावर ताणलेलं असतं त्या आतल्या चौकटीच्या, लाकडावर बसवायची, दर वीस सेंटिमीटरवर बारा मिलिमीटरचा पितळी स्क्रू आणि वॉशर. भोक हातड्रिलनं पाडा. हातोडी मुळीच नाही, एका ठोक्यात मूठभर खपल्या उतरतात. चौकटीच्या मागे कोपऱ्यांना कॉर्कचे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे लावले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. पण हे सगळं खपल्या पक्क्या बसवून घेतल्यानंतर.

पाठ झाकण्याआधी मागची धूळ काढावी लागते आणि इथं शंकरपाळ्यासारखं टांगलेलं चित्र वेगळं वागतं. सरळ टांगलेल्या चित्रात खालच्या पट्टीच्या आत सबंध लांबीभर कचरा साचतो. तुमच्या पाटीत तो सगळा खालच्या टोकात येतो. चुन्याचे खडे, गंजलेले खिळे, मेलेले किडे, कबुतराची पिसं, आणि ताणचौकटीच्या कोपऱ्यातून निसटलेली लाकडी पाचर. समोरून पाहिलं तर तिथं कापडाला मुठीएवढं पोट आलेलं दिसतं आणि रंग नेमका त्या पोटावर तडकलेला असतो. पातळ प्लॅस्टिकचं कार्ड आत सरकवून कचरा हळूहळू बाहेर घ्यायचा, मऊ ब्रशनं सुटी धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकलायची. व्हॅक्यूम सर्वांत मंद गतीवर, तोंडाला मलमल बांधलेली. सापडलेली पाचर टाकू नका. ती परत बसवून नायलॉनच्या दोऱ्यानं चौकटीला बांधतात, म्हणजे पुन्हा पडत नाही.

आता फेविकॉल. नाही. तो वाळल्यावर आकसतो, पुढे पाण्यात विरघळत नाही आणि खपली चुकीच्या जागी बसली तर कायमची बसली. पडलेल्या खपल्या कागदी लिफाफ्यात ठेवा. चित्राच्या मोठ्या फोटोवर दहा सेंटिमीटरची चौकडी आखा, आडवे आकडे, उभी अक्षरं, आणि लिफाफ्यावर 'ग-४' असं लिहा. चित्रसंवर्धक माशाच्या सरसाचं सौम्य द्रावण किंवा तसाच परत काढता येणारा चिकटपदार्थ बारीक कुंचल्यानं खपलीखाली सोडतो, जपानी टिश्यू या तलम कागदावरून हलकी ऊब देऊन ती खाली बसवतो. ग-४ ची खपली ग-४ ला गेली तर रंगवायला जागाच उरत नाही.

प्रश्न : कापड फार कोरडं वाटतं. घरचं जवसाचं तेल मागून लावलं तर नरम होईल का? आणि समोरून बटाट्याच्या फोडीनं पुसलं तर मळ निघतो म्हणतात. — धरमपेठ

उत्तर : दोन्ही नको. जवसाचं तेल कापडात मुरतं, वर्षभरात घट्ट होतं, तपकिरी पडतं आणि कापडाला पापडासारखं कडक करतं. ते परत काढता येत नाही. आपल्या भागात जवस घरोघरी असतो, त्यामुळे हा प्रयोग हमखास झालेला दिसतो. बटाट्यातलं पाणी रंगाला आणि पिष्ट बुरशीला. पाव, कांदा, लिंबू, सगळ्यांना हेच उत्तर.

प्रश्न : आमच्या जुन्या सभागृहात ब्रिटिश राजचिन्हाचा लाकडी फळा आहे. सिंह आणि एकशिंगी घोडा. खाली पिठासारखा भुसा पडतो. रॉकेल लावू का? आणि हा फळा किती जुना असेल? — सीताबर्डी

उत्तर : आधी भुसा. तो जुन्या भोकांतून नुसता गळतोय की किडा जिवंत आहे हे पाहा. फळ्याखाली काळा कागद घाला, भोकांभोवती पेन्सिलीनं खुणा करा आणि पंधरा दिवस थांबा. कागदावर ताजा फिकट ढीग किंवा खुणेबाहेर नवं भोक दिसलं तर किडा चालू आहे. रॉकेल, डांबरगोळ्या आणि फवारणीवाल्याचं औषध रंगाला डाग पाडतं किंवा व्हार्निश मऊ करतं. सुरक्षित उपाय म्हणजे फळा हवाबंद फिल्ममध्ये सील करून आत ऑक्सिजन शोषणारी पाकिटं ठेवणं. ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या खाली तीन-चार आठवडे राहिला की अंडीही मरतात. उन्हाळ्यात हे लवकर होतं, किड्याचा श्वास जोरात चालतो. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसत असतील तर ती वाळवी. मग आधी फळा हलवा, भिंतीचं काम नंतर.

वय ढालीवरून ठरतं. एका चौकोनात फ्रान्सची तीन कमळं असतील तर चिन्ह १८०१ च्या आधीचं. कमळं नाहीत आणि मध्ये छोटी ढाल आहे, तर १८०१ ते १८३७. त्या छोट्या ढालीवर टोपी असेल तर १८१६ पर्यंतचं, मुकुट असेल तर त्यानंतरचं. मध्ये काहीच नसेल तर १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आल्यानंतरचं. नागपूरचं राज्य खालसा झालं १८५३-५४ च्या सुमारास, त्यामुळे आपल्याकडे शेवटचाच प्रकार जास्त संभवतो. टोपीवाली ढाल निघालीच तर फळा बाहेरून आलेला असणार. नंतर कोणी अक्षरं बदलून नव्या राजाचं नाव घातलेलं असू शकतं, म्हणून नुसत्या अक्षरांवर जाऊ नका.

प्रश्न : काम कोणाला द्यावं? करारात काय लिहून घ्यावं? एकानं मेणाचं अस्तर लावून 'शंभर वर्षांची गॅरंटी' देतो म्हटलं. — सदर

उत्तर : गॅरंटीवाल्याला चहा पाजून निरोप द्या. मेण आणि राळ वितळवून मागे दुसरं कापड चिकटवायची पद्धत थंड देशांत रुजली. आपल्याकडे पत्र्याच्या छपराखाली ते मेण मऊ पडतं, धूळ धरतं आणि रंगात मुरून त्याचा सूर गडद करतं. खळीचं अस्तर पावसाळ्यात बुरशी आणि कसर बोलावतं. कडाच फाटलेल्या असतील तर फक्त कडांना नव्या कापडाच्या पट्ट्या जोडून काम भागतं. सबंध अस्तर लागलंच तर १९७० पासून वापरात असलेला बेव्हा ३७१ सारखा चिकटपदार्थ मागा. तो ६५ अंशांच्या पुढे चिकटतो आणि पुढे काढता येतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र, लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आणि वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था यांच्याकडे पहिली चौकशी करा. शंभर वर्षांवरचं चित्र कायद्यानं पुरावस्तू ठरतं, १९७२ च्या कायद्यानुसार ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणीचं काय ते पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयात लेखी विचारून ठेवा.

करार एका पानाचा चालेल. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो हवेत, साध्या उजेडात, तिरप्या उजेडात आणि अतिनील दिव्याखाली. वापरलेल्या प्रत्येक पदार्थाचं नाव हवं. 'इम्पोर्टेड केमिकल' असं लिहिलेलं चालणार नाही. साफसफाईच्या चाचण्या कडेला, पाच ते दहा मिलिमीटरच्या ठिपक्यांत, आणि त्या तुम्ही पाहून सही केल्यावरच पुढचं काम. नवा रंग फक्त रंग गेलेल्या जागेत, मूळ रंगावर एक टिंबही नाही. व्हार्निश पुढे काढता येणारं. फर्निचरचं पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निश असेल तर काम थांबवा.

आणि काम झाल्यावर चित्र परत एका खिळ्यावर नको. शंकरपाळ्याचं सगळं वजन खालच्या टोकाच्या सांध्यावर येतं आणि तो सांधाच आधी उघडतो. खालच्या दोन्ही बाजूंना टोकापासून हातभर अंतरावर भिंतीत लाकडी गुटखे बसवून त्यांवर चौकट टेकवा, गुटख्यांना लोकरी कापड लावा, आणि वरच्या दोन बाजूंना स्टीलच्या कड्या फक्त तोल सांभाळायला.